अराबाचा पहारा

प्रवचन लांबलं की त्या चर्चमधले लोक घड्याळाकडे बघत नसत, अराबा एस्सिल्फीकडे बघत. किनाऱ्यावरच्या मेथडिस्ट मंडळीची रीतच तशी. पाळक बोलत असतो आणि मध्येच बाकांमधून एखादी बाई सूर लावते. त्याच्याच प्रवचनातला शब्द उचलते, त्याला चाल देते, आणि सगळं चर्च तिच्यामागे ध्रुपद धरतं. पाळकानं तेवढा वेळ गप्प बसायचं, हवं तर घाम पुसायचा, गाणं थांबलं की पुढे बोलायचं. अक्षरओळख नसलेल्या आज्या-पणज्यांनी शास्त्र असंच तोंडपाठ केलं होतं. आणि या गाणाऱ्या बायांमध्ये अराबा म्हणजे वाघीण. पाळकाला तिकडे ओसोफो म्हणतात. एका जुन्या ओसोफोनं बदली होऊन जाताना निरोपाच्या भाषणात तक्रार केली होती, "इतकी वर्षं या गावात बोललो, पण अराबाबाईंनी माझं एक वाक्य काही मला पुरं करू दिलं नाही."

"पुरं करण्याजोगं असतं तर दिलं असतं करू," मागच्या बाकावरून ताविया ओरडली होती, आणि ओसोफोसकट सगळे हसले होते.

ही ताविया अराबाची शेजारीण. दोघींच्या मासे धुरवायच्या मातीच्या चुली एकाच छपराखाली, भांडणंही एकाच छपराखाली.

पण ते सगळं आधीचं. गेल्या वर्षी हेरिंग माशांच्या हंगामात अराबाचा मुलगा क्वामेना होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून अराबा चर्चमध्ये यायची, खिडकीशी बसायची आणि तोंड उघडायची नाही.

वादळ झालं असतं तरी बरं झालं असतं, असं ती म्हणायची. वादळाला शिव्या तरी घालता येतात. त्या बुधवारी समुद्र ताटात तेल ओतल्यासारखा सपाट होता. पहाटे होड्या गेल्या, दुपारी परत आल्या, एक आली नाही. मग दोन दिवसांनी पूर्वेकडच्या गावाशी ती उलटी सापडली. तिच्या कडेला क्वामेनानं स्वतःच्या हातानं पिवळ्या रंगात लिहिलेलं नाव तसंच होतं: 'लोक बोलणारच'. एखाद्या मोठ्या जहाजानं धडक दिली असेल, कुणी म्हणालं. इंजिन पेटलं असेल, कुणी म्हणालं. बरोबरचे खलाशी एकेक करून वाळूवर आले, त्यांच्या त्यांच्या घरच्यांनी त्यांना ओळखलं, पुरलं, रडून घेतलं. क्वामेना तेवढा आला नाही.

आणि जो आला नाही, तो मेला असं कोण म्हणणार? या किनाऱ्यावरची माणसं कायम कुठे ना कुठे गेलेलीच असतात. आबिजानला जातात, कोतोनूला जातात, वर्षानुवर्षं पत्ता नसतो, मग एक दिवस नवी पँट घालून लॉरीतून उतरतात. मध्ये एका ड्रायव्हरनं सांगितलंच, आबिजानच्या धक्क्यावर तुमच्या क्वामेनासारखा एक माणूस बघितला. अराबानं चुलीवरचे मासे तसेच टाकले आणि गेली. एक सरहद्द, तीन लॉऱ्या. धक्क्यावर तो माणूस सापडला. उंची तीच, खांदे तेच. वळला तर पुढचे दात नव्हते आणि डोळे दुसऱ्याच कुठल्या आईचे होते. त्यानं बिचाऱ्यानं तिला पाणी पाजलं.

त्या प्रवासानंतर तिच्या छातीत ते सुरू झालं. कुणीतरी आतून दोर आवळल्यासारखं. श्वास अर्ध्यात अडायचा, तळहात गार पडायचे, जिभेला गंज चढल्यासारखी चव यायची. पडून झोपली की बुडाल्यासारखं वाटायचं म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच डुलकी काढायची. उजाडताना वाळूवर जाऊन बसायची आणि आत येणारी एकेक होडी न्याहाळायची. रंग, झेंडा, नाव. मग उतरणाऱ्यांचे खांदे. होड्यांचे तांडेल तिला बघून नजर चुकवत. मंगळवारी तर जीव जायचाच बाकी राहायचा, कारण मंगळवार समुद्राचा दिवस. त्या दिवशी कुणी जाळं पाण्यात घालत नाही, सगळे वाळूवर बसून जाळी दुरुस्त करतात. बाकीचे दिवस निदान कुणीतरी येत असायचं. मंगळवारी कुणीच येत नसे.

"अराबा!" ताविया एका सकाळी चुलीपाशी कडाडली. "मासे धुरवायचेत की कोळसा पाडायचाय? बघ हे! हे खाण्यापेक्षा माणूस चूल खाईल."

अराबा धुरात उभी होती. हातातली मासे मांडायची तारेची जाळी तिरकी होऊन वरचा मासा घसरत होता.

"एक होडी राहिलीय यायची," ती म्हणाली.

"कुठली?"

"हिरवी. लाल झेंड्याची."

"ती कालच वाळूवर ओढून ठेवलीय. इंजिन बिघडलंय तिचं. तूच मला सांगितलंस काल." तावियानं तिच्या हातातली जाळी काढून घेतली. "बस इथं. खाल्लंयस काही?"

"हो."

"काय?"

अराबाला आठवेना. तावियानं केळीच्या पानातली केंकी, आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, सोडली, तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला, वर मिरचीची चटणी थापली. "गीळ. तिखट लागलं तर रड, तेवढंच निमित्त."

अराबा रडली नाही. ती गेलं वर्षभर रडली नव्हती, आणि घरात कुणाला रडूही दिलं नव्हतं.

घरात म्हणजे एफुवाला. क्वामेनाची बायको. पंचविशीतली पोर, त्याच्याशी लग्न होऊन दोन पावसाळे झालेले. ती ना नवऱ्याची, ना विधवा. काळं नेसायची सोय नाही, रंगीत नेसायचं मन नाही, म्हणून विटका करडा कपडा कमरेला गुंडाळून बसलेली असायची. तिची आई दोनदा न्यायला आली, दोनदा एकटीच परत गेली, कारण नवऱ्याचा विधी झाल्याशिवाय एफुवाला त्या घरातून कोण मोकळी करणार? आणि विधी करायचा तो क्वामेनाच्या आईच्या घराण्यानं, आणि आईनं हो म्हटल्याशिवाय घराणं हलत नाही.

त्या दिवशी एफुवानं अंगण झाडता झाडता केरसुणी खाली ठेवली.

"आई, मला काळं नेसू द्या."

"का? कोण मेलंय?"

एफुवानं हातांवरची धूळ झटकली.

"बोल ना. कोण मेलंय?"

"मला माहीत नाही कोण मेलंय," एफुवा म्हणाली. "मला रडायचंय एवढंच माहीत आहे. रात्री उशी तोंडात घेऊन पडते मी. थोडा आवाज झाला की तुम्ही पलीकडून विचारता, मेल्यासारखं काय रडतेस. मग मी खोकल्याचं सोंग करते. आई, वर्षभर मी खोकतेय."

अराबाच्या छातीतला दोर एकदम आवळला. तिनं खांबाला धरलं. "तो आला," ती कसाबसा श्वास ओढत म्हणाली, "आणि त्यानं तुला काळ्यात बघितलं तर? काय सांगशील? तुला पुरून टाकलं म्हणून सांगशील?"

एफुवानं केरसुणी उचलली आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागली.

आठवड्यानं घराण्याचा प्रमुख आला. वोफा एजिर, अराबाच्या आईचा धाकटा भाऊ. वोफा म्हणजे मामा. सत्तरी उलटलेला, बगलेत कायम छोटा रेडिओ, आणि बोलायच्या आधी तो बंद करायचा, जणू निवेदकाची परवानगी घेतोय.

"बसा वोफा," अराबानं स्टूल पुढे केलं. "पाणी?"

"पाणी नको. पाणी प्यायलो की तू विषय बदलतेस." तो बसला. "हे बघ पोरी. मी तुला जबरदस्ती करणार नाही. पण बाहेर लोक बोलतात. एजिरच्या घराण्यानं पोरगं समुद्रावर टाकून दिलं म्हणतात."

"लोक बोलणारच."

"ते त्याच्या होडीवर लिहायला ठीक होतं. माझ्या कपाळावर नको." त्यानं छडी वाळूत रोवली. "त्याला आपल्या माणसांत जागा द्यायला हवी, अराबा. नाव घेऊन, सगळ्यांसमोर. शवपेटी नसली तरी चालेल. त्याचे कपडे पुरू. शनिवारी विधी, रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुती."

"उपकार कसले?"

म्हाताऱ्यानं छडी वाळूतून उपटली. तो छडीच्या टोकाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी पण आता थकलोय. मी आधी गेलो तर त्याचं कोण करणार? तुझ्या त्या भावाला साधे शब्द नीट म्हणता येत नाहीत. गेल्या खेपेला त्यानं मेलेल्या बाईला 'लवकर बरी हो' म्हटलं."

अराबाच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू म्हणता येईल असं काही नव्हतं ते, पण हललं.

"वोफा, मी हो म्हटलं ना, की तो मरेल," ती म्हणाली. "आत्ता तो कुठेतरी आहे. मी हो म्हटलं त्या क्षणी मरेल."

वोफा एजिर उठला. रेडिओ चालू करायला विसरला, तसाच गेला.

शुक्रवारी प्रार्थनेच्या बाया आल्या. चर्चमधल्या त्यांच्या गटाची पुढारीण सिस्टर अर्हिन, हातात मोठी काळी पर्स आणि पर्सहून मोठी श्रद्धा. बरोबर आणखी चारजणी, आणि शेवटी माशाचे हात पुसत ताविया. अराबाला मध्ये बसवून त्यांनी तिच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले. मग त्या सगळ्या एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या, प्रत्येकीची प्रार्थना वेगळी, आवाज एकमेकांत मिसळलेले, भरतीच्या वेळी खडकांत पाणी घुसावं तसे.

"प्रभू, तुझ्या या लेकीला शांती दे!" सिस्टर अर्हिनचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"दे प्रभू!"

"तिची काळजी काढून घे!"

"काढून घे!"

"मुळासकट उपटून..."

"थांबा!" अराबा ओरडली. डोक्यावरचे हात तिनं झटकले. "ते मागू नका!"

आवाज एकेक करून विझले. शेवटची म्हातारी डोळे मिटून तशीच मागत होती, तिला कोपरानं सांगावं लागलं.

"काय मागायचं नाही?" सिस्टर अर्हिननं विचारलं.

"शांती."

"अगं, शांती नाही मागायची तर..."

"माझ्यासाठी शांती मागू नका. हात जोडते." अराबाचा श्वास अडत होता, ती शब्द तोडून तोडून टाकत होती. "मी शांत झाले तर त्याच्यासाठी जागं कोण राहील? तुम्ही? सिस्टर, तुम्ही आठ वाजता दिवा मालवता, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ताविया? ती तर प्रवचनात घोरते."

"एकदाच घोरले होते," ताविया म्हणाली.

"ही काळजी आहे ना, हा दोर आहे. एक टोक इथं," तिनं छातीवर मूठ आपटली, "दुसरं त्याच्याकडे. तो कुठेही असो. आणि तुम्ही देवाकडे सुरी मागताय!"

बाहेर चुलीतलं लाकूड फुटलं.

"अराबा, ही अविश्वासाची भाषा आहे," सिस्टर अर्हिन दुखावल्या आवाजात म्हणाली.

"असेल. विश्वासाची येत नाहीय मला सध्या."

"मग आम्ही काय मागायचं, तूच सांग."

"मला ठाऊक नाही." अराबाचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसायला लागला. "काही मागू नका. आलात तर बसा थोडा वेळ."

सिस्टर अर्हिननं पर्स मांडीवर घेतली, उघडली, बंद केली. मग ती खरंच बसली. सगळ्याच बसल्या. धुरानं डोळे चुरचुरत होते, माश्या येत होत्या, तावियानं पदरासारखं कापडाचं टोक हलवून अराबाच्या तोंडावरच्या माश्या हाकल्या. सातजणी बाया, आणि दुपार होईपर्यंत एकही शब्द नाही. गावात असा प्रकार पूर्वी कधी झाला नव्हता.

रविवारी शास्त्रपाठ वाचायला ओसोफोनं पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीलाच तावियानं कपाळावर हात मारला.

हा ओसोफो नवा होता, तरणा, आतल्या कोकोच्या मळ्यांच्या मुलखातला. समुद्राला पाय लावायलाही घाबरायचा. पाठ त्यानं निवडलेला नव्हता, त्या रविवारचा तोच नेमलेला होता: संध्याकाळी येशू शिष्यांबरोबर होडीत बसला, मोठं वादळ आलं, पाणी आत शिरायला लागलं, आणि तो आपला मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला.

"याला कुणी सांगितलं नाही का?" ताविया फुसफुसली.

ओसोफोला वाचता वाचता खिडकीशी अराबा दिसली. त्याचा आवाज अडखळला. पण पाठ अर्ध्यात सोडता येत नाही. त्यानं तो संपवला आणि प्रवचन सुरू केलं, घाईघाईनं, अनवाणी गरम वाळूवरून पळणाऱ्या माणसासारखं. "त्यांनी त्याला उठवलं. तो उठला, वाऱ्याला म्हणाला, गप्प! आणि समुद्र शांत झाला. बंधूंनो, भगिनींनो, आपल्या काळजीच्या समुद्रालासुद्धा..."

समुद्र शांतच होता, अराबाच्या मनात आलं. कुणाला गप्प म्हणणार होतास? त्या दिवशी सगळं गप्पच होतं.

तिनं ठरवलं नव्हतं. आवाज आधी आला, मग तिला कळलं की तो आपला आहे. वर्षभर न वापरलेला, खरखरीत, विहिरीचा रहाट फिरावा तसा.

*तू झोपला होतास, प्रभू, तू झोपला होतास.*
*डोक्याखाली उशी घेऊन तू झोपला होतास.*

ओसोफो जागच्या जागी थांबला. आता सगळ्यांनी ध्रुपद धरायचं. पण असल्या ओळीला ध्रुपद कुठलं? माणसं खाली बघत राहिली. आता सिस्टर अर्हिन उठून बाहेर जाणार, असं अराबाला वाटलं. ती उठली नाही.

*तू झोपला होतास, प्रभू, तू झोपला होतास.*

तिनं पुन्हा गायलं आणि पुन्हा शांतता. एकट्या बाईचा आवाज पत्र्याला आपटून खाली पडला.

मग बायांच्या बाजूनं, मागून, एक बारीक कापरा आवाज आला. एफुवाचा. ती कधी गाणाऱ्यांतली नव्हती. होडीतल्या शिष्यांनी जे म्हटलं तेच तिनं म्हटलं.

*ऊठ, प्रभू, ऊठ.*

आणि चर्च फुटलं. खालचे पुरुषी आवाज, वोफा एजिरचा चिरका सूर, पोरीबाळी, ज्यांची माणसं त्याच होडीवर गेली होती त्या बाया, सगळ्यांनी एकदम धरलं: *ऊठ, प्रभू, ऊठ.* अराबा कधी उभी राहिली तिला कळलं नाही.

*त्यांनी हाक मारली, तू उठलास.*
*ऊठ, प्रभू, ऊठ.*
*माझ्या लेकानं मारली नसेल का?*
*ऊठ, प्रभू, ऊठ.*
*तेलासारखा होता समुद्र, मी कुणाला शिवी देऊ?*
*ऊठ, प्रभू, ऊठ.*
*पापण्या भाजल्या माझ्या, मी वाळूवर बसून आहे.*

ओळी येत होत्या. कुठून येत होत्या ते तिनं पूर्वीही कधी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. आवाज फाटत होता, सूर सुटत होता, तरी खाली सगळ्यांचं ध्रुपद फळीसारखं होतं आणि ती त्यावर पाय टाकत पुढे जात होती. तांडेलाची लेक, तांडेलाची आई. होडीतला रिवाज तिच्या तोंडात होताच. जाळं टाकलं की होडीत सगळे जागत नाहीत. एक जण सुकाणूशी बसतो, बाकीचे निजतात. मग पाळी बदलते.

*सगळे जागत नाहीत होडीत, प्रभू.*
*एकानं जागायचं, बाकीच्यांनी निजायचं.*
*तुझी झोप झाली असेल. माझी झाली नाही.*
*ऊठ. माझा पहारा तू घे.*

तिथं ती थांबली. हे आपण काय दिलं, तिच्या लक्षात आलं. परत मागून घ्यावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण आता आवाज नव्हता. बाकीचे गातच होते, हलके होत होत, शेवटी नुसता गुणगुणाट. अराबा बाकावर बसली. तिची मान तावियाच्या खांद्यावर कलंडली. काही क्षणांत ती तोंड उघडं टाकून घोरायला लागली.

ओसोफोनं पुस्तकाकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि पुस्तक मिटलं. त्यानं आशीर्वाद पुटपुटत दिला. त्या दिवशी दानाच्या वेळी ढोल वाजला नाही. एरवी नाचत पुढे येणारी माणसं हातात चपला घेऊन, चोरपावलांनी आली. दारात एका पोराला खोकला आला तर त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

अराबाला जाग आली तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडक्यांत गेलं होतं. चर्च रिकामं होतं. तावियाचा खांदा तसाच होता, आणि पुढच्या बाकावर एफुवा तोंड फिरवून बसली होती.

"किती वेळ झाला?"

"विचारू नकोस," ताविया म्हणाली. "हा हात माझा राहिलेला नाही. कापून दान कर. तीनदा लघवीला जायचं होतं, गेले नाही. आणि पुन्हा मला घोरण्यावरून बोललीस तर बघ. मुडदा उठेल असं घोरत होतीस तू."

अराबानं श्वास घेतला. तो खालपर्यंत गेला. तिनं घाबरून छातीवर हात ठेवला. दोर नव्हता. चाचपून बघितलं, नव्हता. हीच का ती शांती, ज्याच्यासाठी बाया ओरडत होत्या? गोड वगैरे काही लागत नव्हती. भाडेकरू निघून गेल्यावर खोली दिसते, तसं आत सगळं मोकळं, उघडं पडलं होतं. आणि त्या मोकळ्या जागेत, आता अडवायला कुणी नसल्यामुळे, ती गोष्ट सरळ चालत आली आणि बसली.

"मेला गं तो," अराबा म्हणाली.

तावियानं तिचा हात धरला.

"कधीचाच मेला. त्याच दिवशी. मला ठाऊक होतं."

पुढच्या बाकावर एफुवाच्या पाठीला झटका बसला. मग तिच्या तोंडातून जे निघालं त्याला रडणं म्हणता आलं नसतं. ओढून धरलेली होडी दोर तुटून वाळूवरून घसरत जावी, तसा आवाज होता तो. अराबा उठली, बाकांना धरत धरत पुढे गेली आणि तिच्याशेजारी बसली. तिचं डोकं आपल्या पोटाशी ओढून धरलं. वर्षभरानं तिलाही रडू आलं, आणि ते थांबेना. देवानं काही दिलं नव्हतं. त्यानं फक्त घेतलं होतं, जे तिनं घे म्हटलं होतं ते, आणि आता हातांत काहीच नव्हतं. दोघी कितीतरी वेळ तशाच होत्या. ताविया आपला बधिर हात चोळत खिडकीशी उभी राहिली आणि बाहेरच्या शेळ्यांना कारण नसताना शिव्या देत राहिली.

संध्याकाळी दोघी वोफा एजिरच्या अंगणात गेल्या. म्हाताऱ्यानं रेडिओ बंद केला.

"शनिवार धरा वोफा," अराबा म्हणाली.

म्हातारा वर्षभर हेच मागत होता, पण आता मिळाल्यावर त्याच्या हातातून छडी दोनदा निसटली.

"पुरायला काय देशील?"

"निळा शर्ट. चर्चचा. आणि वल्हं. त्याचं पहिलं, लहानपणचं, घरात आहे."

"बरं." मग त्याच्यानं राहवलं नाही. आवाज खाली करून, एफुवाला ऐकू जाऊ नये असा, त्यानं विचारलं, "आणि पोरी... तो आलाच समज, तर?"

पलीकडे समुद्राचा आवाज होता, रोजचाच. तिकडे बघायला अराबाची मान वळली, आणि तिनं वळू दिली; पण बघितलं आणि परत फिरवली.

"तर ज्याला जागं बसवलंय तो मला उठवेल," ती म्हणाली. "मी आता बसू शकत नाही, वोफा."

म्हातारा मान हलवत राहिला. मग खुर्च्या किती लागतील, मंडप कुणाचा, कुठल्या गावाला निरोप धाडायचा, असलं बोलू लागला, आणि अराबा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. परत येताना रस्त्यात तिनं एफुवाचा हात धरला होता. दोघींचे डोळे सुजलेले, ओळखीची माणसं बघून बाजूला होत होती.

"उद्या बाजारात जाऊ," अराबा म्हणाली. "तुला काळा कपडा घ्यायला हवा."

एफुवानं सुजलेले डोळे कपड्याच्या टोकानं पुसले.

"आहे माझ्याकडे, आई," ती म्हणाली. "पेटीत तळाशी. केव्हाचाच आहे."